बळवंतरावांच्या चिरंजीवांची झोप

धारचे बळवंतराव देवासला मुलगी पाहायला आले ते उपकार करायला आल्यासारखे. साल २००६, श्रावणातला रविवार. कारखान्याच्या कॉलनीत जीप थांबली तेव्हा त्यांनी दारापुढच्या उघड्या नालीकडे असं पाहिलं, की जणू ती वेदिकाच्या वडिलांनी त्यांच्याचसाठी मुद्दाम उघडी ठेवली होती. मागून त्यांच्या पत्नी इंदिराबाई उतरल्या, आणि सर्वांत शेवटी, दारातून आडवे होत, चिरंजीव हर्षित.

आडवं होण्याची गरज नव्हती. दार पुरेसं रुंद होतं. पण दंड फुगवून चालणाऱ्या माणसाला प्रत्येक दार अरुंदच वाटतं, हे वेदिकाला घरातच पाहायला मिळत होतं.

वेदिका पंचवीस वर्षांची, एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामावर. दिवसभर लोकांच्या दंडावर नसा शोधायच्या. हर्षितच्या घट्ट शर्टाच्या बाहीखालून दोरखंडासारख्या नसा दिसल्या, तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो एवढाच, की सुई लावायला बरा आहे.

मग तिने डोळे पाहिले. लाल, कडांना सुजलेले. गुडघा शिवणयंत्राच्या पायासारखा हलत होता. आईने, सुमंगलाबाईंनी, भुट्ट्याच्या, म्हणजे मक्याच्या कणसाच्या, किसाची बशी हातात दिली तर बशीवरचा चमचा वाजत राहिला.

आणि वेदिकाला सगळं कळलं. कारण हेच डोळे आणि हाच गुडघा तिचा धाकटा भाऊ सार्थक वर्षभर घरात मिरवत होता. कॉलनीजवळच्या उमाशंकर भियाच्या जिममधून, जिथे झोप उडवणाऱ्या निळ्या गोळ्याही मिळत, त्याने वाघाचं तोंड छापलेला पावडरीचा काळा डबा आणला होता. दिवेलागणीला दोन मापं पाण्यात ढवळून प्यायची, तासभर लोखंड उचलायचं आणि मग पहाटे तीनपर्यंत छताकडे पाहत पडायचं, हा त्याचा दिनक्रम. दुपारी कॉलेजात तो बाकावर डोकं टेकून घोरायचा. आई म्हणायची, मेहनत करतो बिचारा, दमतो. एकदा वेदिकाने डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. दोन मापांत चारशे मिलिग्रॅम कॅफीन. म्हणजे घरच्या चहाचे दहा-बारा कप, एका दमात, सूर्य मावळल्यावर.

"हे पाच-सहा तासांनीसुद्धा निम्मं अंगात उरतं," तिने सार्थकला सांगितलं होतं. "झोप येणार कुठून?"

"अक्का, तू खून निकाल," तो म्हणाला होता. "बॉडीचं मला कळतं." डब्यावरचा एक शब्दही या शहाण्याने वाचला नव्हता. वाघ तेवढा पाहिला होता.

इकडे बैठकीत बळवंतराव रंगात आले होते. पणजोबा दरबारात काय होते, कुणाच्या पागेत किती घोडी होती, कोणत्या स्वारीत कोण पुढे होतं. वेदिकाचे वडील, ज्यांना घरात सगळे दादा म्हणत, मान डोलवत होते. बावीस वर्षं कारखान्यात पाळ्या केलेला हा माणूस दरबाराचं नाव निघालं की खुर्चीच्या कडेवर येऊन बसायचा. वेदिकाला बळवंतरावांपेक्षा त्याचाच जास्त राग येत होता.

"आमच्या घराण्यात आळस नाही," बळवंतराव म्हणाले. "हर्षितचंच बघा. चोवीस तासांत चार तास झोप. बस्स. बाकी वेळ काम नाहीतर कसरत. आमच्या पणजोबांचं तसंच होतं. घोड्यावर बसल्या बसल्या..."

इथे सार्थकने खाली मान घालून हसू दाबलं. कारण कसरतवीर सोफ्यावर बसल्या बसल्या झोपला होता. तोंड अर्धवट उघडं, मान छातीवर, आणि हातातली बशी हळूहळू कलत चाललेली. बळवंतराव घोड्यावरून उतरेनात. शेवटी कीस हर्षितच्या पँटवर सांडला तेव्हा इंदिराबाईंनी कोपर मारलं. तो दचकून उठला आणि म्हणाला, "हो हो, मला पसंत आहे."

"प्रवासाचा शीण," इंदिराबाई म्हणाल्या. धारहून देवास अडीच तासांची वाट.

मोठ्या माणसांनी रीतीप्रमाणे दोघांना मागच्या गॅलरीत बोलायला पाठवलं. हर्षित पँटवरचा डाग रुमालाने चोळत होता. वेदिकाने विचारलं, "काळा डबा, की निळ्या गोळ्या?"

त्याचा चेहरा उजळला. "तुम्ही पण जिम करता?"

"नाही. भाऊ करतो."

"बढिया. मी दोन्ही घेतो. संध्याकाळी पावडर, सकाळी गोळी. गोळीशिवाय उठवतच नाही. आणि दिवसभरात चार-पाच कॉफ्या."

"रात्री झोपता कधी?"

"झोप म्हणजे टाईम वेस्ट," तो म्हणाला. हे वाक्य कुणाचं तरी पाठ केलेलं होतं, कारण म्हणताना त्याने छाती पुढे काढली. "दुनिया सोते टाईम जो जागतो ना, तोच पुढे जातो."

"आत्ता कोण झोपलं होतं?"

तो पुन्हा डाग चोळू लागला. मग म्हणाला, "ते तर डोळे मिटले होते फक्त."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. एवढी दोरखंडं अंगावर बांधलेला माणूस आणि साधी खोटी गोष्ट धड सांगता येईना. रात्री न झोपण्यासाठी पावडर, त्यामुळे सकाळी उठण्यासाठी गोळी, त्यामुळे रात्री पुन्हा टक्क जागं. घाण्याच्या बैलाला निदान झापडं दुसरं कुणीतरी बांधतं.

वेदिकाने नकार दिला. घरात तीन दिवस धुमसत राहिलं.

"झोपला म्हणून नकार?" आई म्हणाली. "तुझे दादा तर लग्नात मांडवात झोपले होते."

"दादा नाइट शिफ्ट करून आले होते आई. हा कशाची शिफ्ट करून आला होता?"

दादांनी धारला फोन करून पत्रिका जुळत नसल्याचं सांगितलं. खरं सांगायची त्यांची छाती झाली नाही. बळवंतरावांनीही, कारखान्यातल्या लोकांना माणसाची पारख नसते, असं मध्यस्थापाशी बोलून आपलं समाधान करून घेतलं.

सार्थक मात्र खूश होता. कित्येक दिवस तो मित्रांना सोफ्यावरच्या पाहुण्याची नक्कल करून दाखवत होता. एका दुपारी अशीच नक्कल करताना त्याचे खरेच डोळे मिटले. मित्र हसत निघून गेले. वेदिका कामावरून आली तेव्हा तो तसाच पलंगाला टेकून, तोंड उघडं टाकून पडलेला होता. तिने त्याला उठवलं नाही. उठवून काय सांगायचं होतं?

महिन्याभराने बातमी आली. इंदूरहून धारला मोटारसायकलने जाताना हर्षित भर दुपारी चारला रस्ता सोडून सोयाबीनच्या शेतात गेला. गळ्याजवळचं हसळीचं हाड मोडलं, दोन दात गेले. बळवंतरावांनी गावभर सांगितलं, नीलगाय आडवी आली. दादा ते खरं मानून हळहळले. सार्थक त्या दिवशी नक्कल करायचं विसरला. आठ दिवस त्याने डब्याला हात लावला नाही, मग पुन्हा सुरू केला, पण एकच माप आणि तेही सकाळी. रात्री अकराला त्याच्या खोलीतून घोरणं ऐकू येऊ लागलं. यात आपलं ऐकलं असं वेदिकाला मुळीच वाटलं नाही. ती वर्षभर बोलत होती तेव्हा नाही, आणि परक्याचे दात पडल्यावर लगेच अक्कल आली.

दिवाळीच्या आधी लॅबमध्ये तिला फोन आला. हर्षित होता.

"नंबर मध्यस्थाकडून घेतला," तो म्हणाला. दात बसवले नसावेत, शब्द फसफसत होते. "एक सांगायचं होतं. नीलगाय नव्हती."

"ठाऊक आहे."

"मला झोप लागली होती. तुम्ही विचारलं होतं ना, म्हणून तुम्हालाच सांगतोय. घरी कुणाला बोललो नाही. हाड जुळेपर्यंत पलंगावर होतो तर सगळं बंद झालं. पहिले चार दिवस डोकं असं दुखलं की बस्स. मग झोप आली. दहा-दहा तास. मला वाटायचं, मला कमी झोप लागते. माझी बॉडीच तशी आहे."

वेदिका नळीवर चिठ्ठी चिकटवता चिकटवता थांबली. त्या घराण्यात खरं बोललेला हा बहुधा पहिलाच माणूस होता, आणि दोन दात पडल्यावर का होईना, बोलला होता. तिला क्षणभर तो बरा वाटला.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "डबा फेकलात ना?"

"फेकायचा कशाला? अर्धा भरलेला होता. राजगढच्या मामेभावाला दिला. त्याची बारावी आहे, रात्रभर पढाईला काम येईल."

वेदिकाने डोळे मिटून घेतले.

"त्याच्या आईचा नंबर द्या," ती म्हणाली.

"मामींचा? कशाला?"

"द्या."

"बाबांना कळेल हो. नीलगायीचं पण निघेल मग."

"निघू दे. नंबर द्या, नाहीतर मी तुमच्या बाबांनाच विचारते."

त्याने दिला. तिने तिथल्या तिथे राजगढला फोन लावला. हर्षितच्या मामींना डब्यात काय आहे, त्याने मुलाची झोप कशी जाते आणि त्यांच्या भाच्याचे दात कशामुळे गेले, हे सगळं काहीही न वगळता सांगितलं. "तरीच पोरगं तीन रात्री घुबडासारखं बसलंय," एवढंच मामी म्हणाल्या. तुम्ही कोण, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी बळवंतरावांचा दादांना फोन आला. दादा उभे राहून ऐकत होते, उभे राहूनच माफी मागत होते. फोन ठेवून ते ताटावर आले तेव्हा चेहरा पडलेला होता.

"त्यांच्या नातलगांत तू त्यांची बदनामी केलीस म्हणतात."

"हो, केली," वेदिका म्हणाली आणि तिने आईकडून आणखी एक पोळी मागून घेतली.