एकतिसावं घर

सांता इनेस गावची नारळ बागायतदारांची सोसायटी दरवर्षी एकाच मुलाला शिष्यवृत्ती देते. गावासाठी ज्यानं सगळ्यांत चांगलं काम केलं, त्याची कॉलेजची चारही वर्षांची फी सोसायटी भरते. फिदेलाबाई बावीस वर्षं तिथं परीक्षक होत्या. पहिल्या वर्षी बक्षीस म्हणून नुसता शब्दकोश दिला होता आणि तो घ्यायला मुलगा वडिलांचे बूट घालून आला होता, हे त्यांना अजून आठवत होतं. हल्ली मुलं फ्लेक्स घेऊन येत.

यंदा दोघं उरले होते. रॉजी इबान्येझनं किनाऱ्यावर पाचशे रोपं लावली होती. त्याच्या फ्लेक्सवर त्याचा चेहरा रोपांपेक्षा मोठा होता आणि खाली 'सौजन्य' म्हणून सोसायटीचे अध्यक्ष तेओदुलो यांचं नाव. दुसरी होती जोव्हेलिन ताबासा, कोळ्याची मुलगी. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि या शिष्यवृत्तीवाचून ते जमणार नव्हतं. तिनं आणलं होतं काय, तर एक शाळेची वही.

"फ्लेक्स कुठंय गं?" तेओदुलोंनी विचारलं.

"नाही केला, सर."

"मग काम झालं हे कळायचं कसं?"

तिसरे परीक्षक फादर आन्सेल्मो हसले. पण तेओदुलो गंमत करत नव्हते, खरंच तसं होतं. सांता इनेसमध्ये फ्लेक्स लागला नाही तर बारसंसुद्धा झालं नाही असं धरतात.

वहीत पानापानावर एकेक घर होतं. जिथं कुणी म्हातारं किंवा अंथरुणाला खिळलेलं, अशी घरं. माणसाचं वजन, औषधं कुठं ठेवतात, त्याला बसवून न्यायची खुर्ची कुठल्या दारातून निघते, कुत्रा चावतो का, कोणती चार मुलं उचलतील. नोव्हेंबरच्या वादळात पाणी चढायच्या आत जोव्हेलिननं आणि तिच्या वर्गातल्या मुलांनी ही सगळी माणसं उचलून शाळेत आणली होती. एकही मागं राहिलं नव्हतं.

तेओदुलो अंगठ्याला थुंकी लावून पानं मोजत होते. "अर्जात लिहिलंयस एकतीस. इथं तीसच आहेत."

जोव्हेलिननं वही मिटायला हात पुढं केला.

"एकतिसावं घर कुणाचं?"

"मोजण्यात चुकले असेन, सर."

"अर्जात खोटा आकडा असला तर अर्ज बाद. नियमच आहे, काय हो फादर?"

फादरनी नाइलाजानं मान हलवली.

फिदेलाबाईंचा हात कॉफीच्या कपावरच राहिला. वहीतलं एक पान फाडलेलं दिसत होतं आणि ते कुणाचं, हे त्यांना ठाऊक होतं. वादळ ओसरल्यावरच्या रविवारी चर्चच्या पायरीवर त्यांनी बायकांना सांगितलं होतं, "मी आपली छत्री घेतली आणि चालत गेले शाळेत. एक्याऐंशीची असले म्हणून काय झालं?" गावानं ते मानलं होतं. अर्ध्या गावाला मुळाक्षरं त्यांनीच शिकवली होती, बाईंचं कोण खोटं धरणार? पोरीनं पान फाडलं होतं ते त्यांची लाज राखायला; अर्जातला आकडा मात्र बदलायचा राहिला होता. आता ती स्वतःवर खोटारडेपणाचा शिक्का मारून घेत होती.

"कुमारे, तुम्ही काय म्हणता?" तेओदुलो बाईंकडे वळले. बाई त्यांच्या थोरल्या मुलाच्या धर्ममाता, म्हणून ते त्यांना 'कुमारे' म्हणत.

"एकतिसावं घर माझं," बाई म्हणाल्या.

"तुमचं? तुम्ही तर चालत..."

"नाही गेले चालत. दाराला आतून कडी घातली होती मी. म्हटलं, या घरात चार वादळं काढलीत, पाचवंही काढीन. ही बाहेर उभी राहून विनवत होती. मी हिला काय म्हटलं ते सांगत नाही, फादर बसलेत."

"मग?"

"खिडकीतून हात घालून हिनं माझ्या नवऱ्याची तसबीर उचलली आणि पळाली. मी कडी काढून मागं धावले, तर अंगणात चार पोरं खुर्ची घेऊन तयारच. बांधलं मला आणि उचललं. रस्ताभर मी ओरडत होते, वाऱ्यात कुणाला ऐकू गेलं नाही. शाळेच्या फाटकापासून आत तेवढी चालत गेले. पोरांना विचारा."

जोव्हेलिननं मान खाली घातली होती. फादर खोकल्याचं निमित्त करून तोंड पुसत होते.

"ज्याला उचललं तो परीक्षक कसा?" बाई उठल्या. "तुम्ही दोघं ठरवा."

व्हरांड्यातल्या बाकावर त्या पाऊण तास बसून होत्या. शेवटी तेओदुलो बाहेर आले.

"दोन्ही मतं तिलाच," ते म्हणाले. मग जरा अवघडून, "पण कुमारे, पुढच्या वर्षापासून तुम्हाला परीक्षक ठेवणं... गावात खोटं सांगितलंत ना तुम्ही. उद्या पोरांना काय तोंडानं नियम सांगायचा?"

"नका ठेवू," बाई म्हणाल्या. "बरोबर आहे तुमचं."

जोव्हेलिन बाहेर आली, वाकून तिनं बाईंचा हात कपाळाला लावला आणि तो सोडेचना. "बाई, तुम्ही कशाला सांगितलंत? संध्याकाळपर्यंत बाजारभर होईल."

"तू पान कशाला फाडलंस? वहीचं एक पान फाडलं की त्याच्या जोडीचं सुटतं, हे तू दुसरीत शिकवणीला यायचीस तेव्हाच सांगितलं होतं मी."

"सुटलं होतं," जोव्हेलिन डोळे पुसत म्हणाली. "तेओदुलो सरांच्या आईचं होतं ते. डिंकानं चिकटवलं."