पलीकडचा नर

शेपटीच्या टोकाशी, बोटाच्या पेरात मावेल एवढी गाठ — दोऱ्याला पडते तशी, पण हाडाला पडलेली, नखानं न सुटणारी... सकाळी लेकीची वेणी घालता घालता तिची बोटं केव्हा मानेखाली उतरली आणि एकेक मणका चाचपू लागली, तिलाच कळलं नाही.

"आई, केस वर आहेत गं."

हो. वर आहेत.

बिबटीण शिकारीला गेलेली असताना कपारीत हात घालून तिनं दोन्ही बछडे तपासले होते. दोघांच्या शेपटीत तीच गाठ. त्यांचा बाप तोच त्यांच्या आईचाही बाप. दुसरा येणार कुठून? एक होतं रान, मधून गेला रस्ता, रानाची झाली दोन बेटं — आणि अलीकडचं रक्त अलीकडेच फिरत राहिलं, डबक्यातल्या पाण्यासारखं. म्हातारा नर मेला. आता पलीकडचा आणून सोडायचा. जनावरांची डॉक्टर तुम्ही, शेवटचा शब्द तुमचा, असं वनखात्याचे साहेब म्हणाले, आणि ती हो म्हणाली. नवा नर आधी दुसऱ्याची पिल्लं मारतो हे ठाऊक असून हो म्हणाली. पिल्लं उचलून आणावीत तर जन्मभर गजाआड... राहू देत, आई लपवेल त्यांना. कदाचित लपवेल. मी त्यांना हातात घेतलं होतं. डोळे नुकते उघडलेले, निळसर, आणि मला बघून ती फुसकारलीसुद्धा नाहीत.

"जावई रुसलाय बघा," संध्याकाळी, रानात उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये शेजारी बसलेला ड्रायव्हर म्हणाला. मागे जमिनीवर उतरवलेल्या पिंजऱ्याचं दार वर ओढून धरलेली दोरी त्याच्या मुठीत होती. "दार केव्हाचं उघडलंय. सासरी उतरायचं नाव नाही."

"बोलू नका. ऐकतो तो."

नको उतरूस, ती मनात घोकत होती, असाच परत जा... बाजूच्या आरशात एक पंजा दिसला. मातीला टेकला, चटका बसल्यासारखा मागे गेला. पुन्हा आला. अंगावरची कातडी ठिपक्या-ठिपक्यांनी थरथरत होती. मारायला आलेला असा थरथरतो? सगळे त्याला नुसतं 'नवं रक्त' म्हणत होते, तीही म्हणत होती. तो भिईल, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"ये रे बाबा, ये. काही नाही होत," ती पुटपुटली, पाण्याला भिणाऱ्या पोराला काठावरून बोलवावं तशी.

ड्रायव्हरनं वळून पाहिलं. तिनं ओठ मिटले. ही कुणाची आई बोलली, तिला कळेना — आणि आतून तोच आवाज, तितक्याच मायेनं, त्याला बोलावीतच राहिला.