बाबांच्या खोलीचं दार

आईला जाऊन महिना होत आला, तरी तिच्या सपातांचा फरफटता आवाज घरातून गेला नव्हता. भर दुपारी तो स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत यायचा आणि परत फिरायचा. मुलगी कॉलेजात संभाव्यता शिकवायची. एरवी असलं काही तिनं हसण्यावारी नेलं असतं. पण अंथरुणाला खिळलेल्या बाबांनाही तो ऐकू येत होता.

शेवटच्या वर्षांत आईला काहीच आठवत नसे. आपण कुठून आलो हे ती विसरायची. पुढं कुठं वळायचं ते फक्त उभ्या जागेवरून ठरायचं. स्वयंपाकघरातून निघाली की मधली खोली. मधल्या खोलीतून निम्म्या वेळा मागं, निम्म्या वेळा बाबांकडं.

"ती माझ्यापर्यंत कधी पोहोचेल गं?" बाबांनी भिंतीकडं तोंड करून विचारलं.

मुलीनं मनातल्या मनात हिशोब केला, एका खोलीतून दुसरीत जाणं ही एक खेप धरून. मधल्या खोलीतून सरासरी तीन खेपा, स्वयंपाकघरातून त्याहून एक जास्त. "तिकडून निघाली तर सरासरी चार खेपांत, बाबा."

"मग महिनाभर काय करतेय?"

मुलगी रोजच्यासारखं दार लावून मधल्या खोलीत जाऊन बसली. आवाज आला, तिच्या खुर्चीला वळसा घालून बाबांच्या दारापाशी थांबला आणि मागं गेला. पुन्हा आला, पुन्हा तिथंच अडला. तेव्हा कुठं तिचं लक्ष कडीकडं गेलं. आईला पोचवून आल्यापासून बाबा तिला हे दार बाहेरून लावायला सांगत होते.

"मला भीती वाटते गं तिची," ते आतून म्हणाले.

"दार बंद आहे तोवर ती कधीच पोहोचणार नाही. आणि कंटाळणारही नाही. मघाशी आपण इथंच आलो होतो, हे तिला ठाऊकच नाही."

आत बाबा कुशीवर वळले. मग म्हणाले, "उघड."

तिनं कडी काढून दार उघडलं. आवाज आला, एकदा तसाच मागं वळला. पुढच्या वेळी मात्र तिच्या कोपराला गार वारा चाटून गेला आणि पलंगाची कड हलकेच दबली. बाबा जागा करून द्यायला भिंतीकडं सरकले.

मुलीनं पाय न वाजवता दार ओढून घेतलं. समोरचं स्वयंपाकघर इतकं सुनं तिला कधी वाटलं नव्हतं. आतून बाबांचा हळू आवाज येत होता. कुणाला तरी ते स्वतःचं नाव सांगत होते, आणि थोडं थांबून पुन्हा सांगत होते.