रविवारी बारापर्यंत

ही गेल्याचं कळलं त्या सकाळी हॉटेलातली आमची खोली चार खांब लांब झाली होती. मी वीज मंडळात तेहतीस वर्षं वायरमन होतो, दोन खांबांमधलं अंतर मला नजरेनं कळतं. माझा पलंग दाराशी होता आणि हिचा चार खांब पलीकडे, समुद्राकडच्या काचेजवळ. चालत तिथे पोचलो तेव्हा नाश्त्याची वेळ संपत आली होती. चादर नीट ओढलेली होती. उशीवर टॉवेलचा हंस करून ठेवला होता आणि त्याच्या चोचीत माझी रक्तदाबाची गोळी होती. मी ती घेतली.

तेवढ्यात आमच्या मुलाचा, निनादचा, फोन आला. पहाटे हिच्या छातीत दुखायला लागलं म्हणून त्यानं हिला जवळच्या दवाखान्यात नेलं होतं. यांना उठवू नको, असं हीच म्हणाली होती.

"बाबा, आई गेली," निनाद म्हणाला.

मी खाली रिसेप्शनवर सांगायला गेलो. मॅनेजर त्याच्या भाषेत बोलत होता आणि मला सगळं समजत होतं. त्यानं संगणकात बघितलं. म्हणाला, तुमचं बुकिंग चार मोठे आणि एक लहान असं आहे. जेवण, सरबतं, पोहण्याचा तलाव, किनाऱ्यावरच्या खुर्च्या, सगळं त्यात आलं. मनगटावर आमचा निळा पट्टा आहे तोवर माणूस इथेच असतं.

"पण ती गेली," मी म्हणालो.

"रविवारी बारापर्यंत कुणी जात नाही," तो म्हणाला. "इथेच कुठेतरी असतील. बोलवा त्यांना. आल्या की तुमच्याबरोबर घरी येतील. नाही बोलावलंत तर बाराला आम्ही खोली रिकामी करतो."

त्यानं माईक माझ्यापुढे सरकवला. तो गुरुवार होता. मी माईक तोंडाशी धरला आणि म्हणालो, "अगं."

तलावातल्या सगळ्या बायका वळल्या. रशियन होत्या, जर्मन होत्या, कुठल्या कुठल्या होत्या. त्या पाण्याबाहेर आल्या आणि ओल्या पायांनी माझ्यासमोर रांगेत उभ्या राहिल्या.

"काय हो?" पहिली म्हणाली. आवाज हिचा होता. तिनं माझा चष्मा पुढे केला. दुसरीनंही चष्माच आणला होता. तिसरीनं कोमट पाणी आणलं होतं. चौथी रिकाम्या हातानं आली होती.

"खिशात बघा आधी," ती म्हणाली.

मी खिशात बघितलं. चष्मा होता. बायका परत पाण्यात गेल्या.

मॅनेजर म्हणाला, असं बोलावलंत तर सगळ्याच येणार. नाव घ्या.

नाव मला येत नव्हतं असं नाही. ते मीच ठेवलं होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं मीच लिहिलं होतं. लिहिलं, पण तोंडानं कधी घेतलं नाही. आमच्याकडे तशी रीतच नव्हती. वरात कराडला घरी आली तेव्हा बहिणींनी दार अडवलं, नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही म्हणाल्या. हिनं लगेच उखाणा घेतला, माझं नाव घेतलं. मी नुसता उभा राहिलो. शेवटी पोरीला उभं राहून चक्कर येईल म्हणून मावशीनंच माझ्या वतीनं नाव घेतलं आणि दार उघडलं. त्याला एकेचाळीस वर्षं झाली. ही दर वर्षी म्हणायची, तुम्ही अजून बाहेरच आहात. निनादनं परदेशातल्या या सहलीचं काढलं तेव्हा विमानाला भिणारी ही लगेच तयार झाली. मला म्हणाली, तिथे आपल्या ओळखीचं कुणी नसेल, तिथे तरी घ्या.

मी बघू म्हणालो. बुधवारी संध्याकाळी वाळूत बसलो होतो तेव्हा ती माझ्याकडे बघत थांबली. मी तिला विचारलं, अगं, माझा चष्मा कुठाय?

शुक्रवारी निनादनं पासपोर्टवरचं पूर्ण नाव माईकवर वाचलं. कर्ण्यांमधून नुसता समुद्राचा आवाज आला. मॅनेजरनं त्याला सांगितलं, त्याच खोलीतल्या माणसानंच बोलवायचं असतं. निनादनं माईक माझ्यापुढे धरला. मग म्हणाला, "बाबा, एक शब्द आहे."

"माहीत आहे मला," मी म्हणालो.

त्या दिवशी खोली तीन खांब होती.

माझी नात इरा सहा वर्षांची आहे. ती म्हणाली, आजी रोज सकाळी किनाऱ्यावर येते आणि आजोबांची खुर्ची धरते. मी जाऊन बघितलं. हजारभर खुर्च्यांवर हॉटेलचे टॉवेल होते. एकीवर हिचा रुमाल होता, एसटीत खिडकीतून टाकायची तसा टाकलेला. मी तिथे बसलो. शेजारच्या खुर्चीवर कुणी नव्हतं, पण ती गरम होती.

शनिवारी खोली एक खांब झाली. माझ्या मनगटावरचा पट्टा घट्ट झाला, त्याखाली बोट जाईना. मी बसून उखाणा जुळवला. मला असलं जमत नाही, पण दुपारपर्यंत झाला.

खांबावर चढलो, तारा ओढल्या चार,
मग नाव. आणि मग, घेतो नाव, उघडा आता दार.

सून गार्गी म्हणाली, छान आहे, म्हणून दाखवा. मी तिला नावाच्या जागी थांबून म्हणून दाखवला. ती उठली. हिच्या साड्या बॅगेत भरायला गेली.

रविवारी मी नाश्ता करून वर आलो. खोलीचं कार्ड लागेना. आतून कडी होती. मी दार वाजवलं.

आत बांगड्या वाजल्या.

"कोण आहे?" हिनं विचारलं.

"मी आहे."

"तुम्ही कोण ते मला माहीत आहे. मी कोण ते सांगा."

मागे वळून बघितलं तर व्हरांडा माझ्याएवढाच उरला होता. दोन्ही भिंती खांद्याला लागत होत्या. भिंतीपलीकडे निनाद, गार्गी आणि इरा बॅगा घेऊन उभे होते. इरा विचारत होती, आजोबा आत का जात नाहीत. कर्ण्यावर मॅनेजर सांगत होता की बाराला दोन मिनिटं आहेत.

मी दाराला कपाळ लावलं. पलीकडून तिनंही लावलं असावं, कारण लाकूड गरम झालं.

"खांबावर चढलो," मी म्हणालो, "तारा ओढल्या चार."

"हं," ती म्हणाली. "पुढे?"

पहिली ओळ म्हणून झाली आहे. दार बंद आहे. नाव घ्यायचं राहिलं आहे.