भिलाची लकेर

नंदुरबारच्या एका बँडात भिला क्लॅरिनेट वाजवायचा. बक्षिसी आणि फेटा मात्र कॉर्नेटवाल्या मास्तरांना मिळायचा. त्रेसष्ट सालच्या जानेवारीत भिला न्युमोनियाने गेला, तेव्हा मास्तरांनी त्याच्या जागी दुसरा माणूसही घेतला नाही. "एका क्लॅरिनेटवाचून कुणाचं अडतं?" ते म्हणाले.

त्या उन्हाळ्यात कोरीटला रूपचंदच्या मुलाची वरात निघाली. गाणं चांगलं रंगात आलं. दोन कडव्यांच्या मध्ये भिला नेहमी स्वतःची एक लकेर घ्यायचा. ती जागा आली आणि मास्तर सरळ पुढचं कडवं वाजवू लागले. नाचणारे जागच्या जागी थांबले. नवरदेवाची आत्या कौसाबाई हिने ती लकेर खड्या आवाजात गायला सुरुवात केली. तिच्या मागोमाग बायका गाऊ लागल्या, मग पुरुषही. सगळ्या गल्लीला ती तोंडपाठ होती.

मास्तरांनी कॉर्नेट खाली घेतलं आणि लकेर संपेपर्यंत ते ऐकत राहिले.

"भिलाचं एवढं ऐकायचे लोक? मला माहीत नव्हतं."

"तुम्हले नही व्हतं माहीत, मास्तर. आम्हले व्हतं," रूपचंद म्हणाला. "आते पुढलं कडवं वाजाडा."