थोरलीचं बोट

"लागतंय," थोरली म्हणाली. "उसव."

धाकटीने कोट आपल्याकडे ओढला आणि बाहीवरची ती जागा उजेडात धरून पुन्हा पाहिली. "कुठे लागतंय, वहिनी? तेवढंच काढते ना."

"तेवढंच-बिवढंच काही नाही. सगळं काढ आणि नव्याने घाल."

धाकटीने कात्री उचलली आणि दोन तासांचं काम धागा धागा करून उसवायला घेतलं. थोरली खिडकीकडे तोंड करून बसली. खोटं बोलून झाल्यावर समोरच्याच्या तोंडाकडे बघवत नाही. रफू लागत नव्हतं, जरासुद्धा लागत नव्हतं.

रफूच्या कामात डोळ्यांना फसवता येतं, बोटाला येत नाही. कपड्याच्या आतल्या शिवणीतून त्याचेच धागे काढायचे, भोकावर एकाखालून एकावरून विणायचे, वर इस्त्री फिरवायची. मग डोळे मिटायचे आणि उजव्या हाताची तर्जनी त्यावरून हळूच न्यायची. बोट अडखळलं, तर रफू लागतंय, ते उसवायचं. बोट सरळ निघून गेलं, तर कपडा गिऱ्हाइकाला द्यायचा. पुढच्या खोलीत धाकटीचा नवरा धुण्याचे आणि इस्त्रीचे कपडे घ्यायचा, मागच्या खोलीत या दोघी जावा रफू करायच्या. सासरे गेल्यापासून शेवटचा निकाल थोरलीच्या बोटाचा. तिने 'जाऊ दे' म्हटल्याशिवाय एक रुमालसुद्धा दुकानाबाहेर पडत नसे. तिच्या नवऱ्याला आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता, आणि बिचारा ते हसत हसत कबूलही करायचा.

धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला साधं बटण सरळ लावता येत नव्हतं. थोरलीने तिला हाताला धरून शिकवलं. शिकवताना बोलणीही पुष्कळ ऐकवली. "हे रफू आहे का वारूळ?" असं ती एकदा गिऱ्हाइकासमोर म्हणाली होती. इतकी वर्षं धाकटीच्या दर दोन कपड्यांतला एक तरी परत उसवायला जायचा, आणि थोरलीला ते बरं वाटायचं. वाईट कशाला वाटेल? शिकणारा चुकतो म्हणून तर शिकवणाऱ्याला किंमत असते.

पण गेल्या दोनेक महिन्यांत धाकटीचं काम लागेनासं झालं. पहिल्यांदा थोरली कौतुकाने म्हणाली, "अगं बाई, आज सूर्य कुठून उगवला?" दुसऱ्या वेळी तिने नुसतीच मान हलवली. मग एकामागून एक कपडे बोटाखालून लोण्यासारखे निघून जाऊ लागले आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. स्वतःचं कामही तिच्या बोटाला लागत नव्हतं, पण त्याचं तिला नवल वाटलं नाही. तिचं काम लागायचं नाहीच! धाकटीचं का लागू नये? नऊ वर्षांनी लहान, अजून चष्मा नाही, सुई एका दमात ओवते. आणि आपण? चष्म्याला चष्मा लावायची वेळ आली. परवा इस्त्री चालू ठेवून घरी गेलो. शेजारणीचं नाव आठवेपर्यंत ती बोलून निघून जाते. आपलं एकेक गळत चाललंय आणि तेच वेचून ही मोठी होतेय, असं तिला वाटायचं आणि झोप उडायची. शेवटी तिने 'लागतंय' म्हणून टाकलं. एकदा नाही, तीनदा.

तिच्या झोपेचं बघून सुनेने तिचं नाव ध्यानाच्या एका वर्गात घातलं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर म्हातारी माणसं खुर्च्यांवर डोळे मिटून बसायची आणि शिकवणाऱ्या बाई सावकाश बोलायच्या.

"भीती आली तर तिला हाकलू नका. 'ही भीती' एवढंच मनात म्हणा. येऊ दे, बसू दे."

"आमच्याकडे आलेला पाहुणा आधीच उठत नाही," थोरली म्हणाली. "त्याला आणखी बसा म्हणू?"

सगळे हसले. बाईही हसल्या. "म्हणून तर बघा. हाकलून गेला का कधी?"

त्या दिवशी बाईंनी प्रत्येकाच्या हातावर एक वाळकं पान ठेवलं. डोळे मिटायचे, पानावरून बोट फिरवायचं आणि जे जाणवेल त्याकडे लक्ष द्यायचं, बस. थोरली मनातल्या मनात खुदकन हसली. बोटाची परीक्षा, आणि तीही माझ्या!

तिने डोळे मिटले, तर्जनी पानावरून नेली. गुळगुळीत. चांगलं पान दिसतंय, ती मनात म्हणाली. तेवढ्यात शेजारचे निवृत्त ड्रायव्हर पुटपुटले, "शिरा काय ताठ आहेत हो याच्या! दोरीच जशी."

थोरलीने पुन्हा बोट फिरवलं. गुळगुळीत. तिने दाबलं, पान करकरलं, पण बोटाला काही कळलं नाही. मग तिने डाव्या हाताचा अंगठा लावला. मधली जाड शीर, तिला फुटलेल्या बारीक शिरा, कडेचे दाते, सगळं होतं तिथे.

उठावं, जिना उतरावं, घरी जाऊन पांघरूण ओढावं असं वाटलं. 'ही भीती,' ती मनात म्हणाली. छातीत होती, मग घशात आली. थोरली खुर्चीला धरून बसून राहिली. भीती गेली नाही, पण तिने कुणाला खाल्लंही नाही. तिच्या मागोमाग दुसरं काहीतरी आत येऊन बसलं. 'हा हेवा,' ती म्हणाली, आणि त्याच क्षणी तिला कळलं की ज्या कामावर आपण दोन महिने जळत होतो ते चांगलं होतं की वाईट, याचाही आपल्याला पत्ता नाही. धाकटी कदाचित पहिल्यासारखीच चुकत असेल. हेवा करायचा तर आधी बोट जागं हवं.

दुसऱ्या दिवशी धाकटीने कोट पुढे केला. तिसऱ्यांदा उसवलेला तोच कोट. तिचे डोळे लाल झाले होते.

"बघा. आता याहून चांगलं मला येत नाही, वहिनी."

थोरलीने डोळे मिटले आणि सवयीने बोट नेलं. बोट सरळ निघून गेलं. 'जाऊ दे' म्हटलं असतं तर चाललं असतं. 'लागतंय' म्हटलं असतं तरीही चाललं असतं, धाकटी चौथ्यांदा उसवत बसली असती. कुणाला काही कळलं नसतं, आणखी वर्षभर तरी.

"मला कळत नाहीये," थोरली म्हणाली.

"म्हणजे?"

"या बोटाला काही लागत नाही. माझं नाही, तुझंही नाही. आणि ते तीन वेळा उसवायला लावलं ना, तेव्हाही लागलं नव्हतं. तुझं बरं चाललंय असं वाटलं आणि मला बघवलं नाही."

पुढच्या खोलीत कुणीतरी पावती मागत होतं. धाकटीचा चेहरा आधी रागाने तापला आणि मग कसनुसा झाला. "मला वाटायचं, माझाच हात गेला," ती हळूच म्हणाली.

"तुझा कशाला जातोय? डोळे मीट. बोट ठेव. आता तू सांग."

"मी? माझ्याच कामाचं?"

"तुझ्याच."

धाकटीने डोळे मिटले. तिचं बोट बाहीवरून निघालं, मध्यावर थांबलं, किंचित मागे आलं आणि पुन्हा त्याच जागी थांबलं. खोटं बोलायला एवढी सोन्यासारखी संधी पुन्हा मिळणार नव्हती.

"लागतंय," ती म्हणाली, आणि तिने कात्री उचलली.

थोरली तिच्या त्या थांबलेल्या बोटाकडे बघत होती. इतका हेवा तिला आयुष्यात कशाचा वाटला नव्हता. तिने तो येऊ दिला, शेजारी बसू दिला, आणि धाकटीने काढलेले धागे एकेक करून आपल्या तळहातावर घेत राहिली.