पाया पडला, निकाल मानला नाही

भिलाईची पहिली भट्टी पेटली त्या साली माझ्या मेव्हण्याला, पुंडलिकला, दोन महिन्यांची कैद झाली. ठेकेदाराच्या मुकादमाने माझ्या बहिणीच्या, तुळसाच्या हातातलं घमेलं लाथेने उडवलं आणि पुंडलिकने त्याच्या कानशिलात ठेवून दिली, एवढाच गुन्हा. मी असतो तर दोन दिल्या असत्या.

पुंडलिक नुकताच कारखान्यात लागला होता. सेक्टर 2 मधलं क्वार्टर मिळून महिनाही झाला नव्हता. आत गेला की नोकरी गेली, क्वार्टर गेलं. अपिलाचा निकाल येईस्तोवर शिक्षा भोगूनच झाली असती, म्हणून जामीन त्याच दिवशी हवा होता.

मी दुर्गला रेल्वेत पॉइंट्समन. ड्यूटी बदलून कोर्टात जाऊन बसलो. आमचे शामराव वकील पुंडलिकला पढवून थकले होते, "निकाल ऐकला की लगेच अपील करतो म्हण."

पण आमच्या भंडाऱ्याकडची रीत अशी, की पंचांनी निकाल दिला की आधी पाया पडायचं. निकाल पटो न पटो. मग खुशाल दुसरे पंच बसवायचे. पुंडलिकने शिक्षा ऐकली आणि सवयीने फरशीला डोकं टेकवलं. मॅजिस्ट्रेट नागपूरचे, मराठी माणूस. प्रसन्न होऊन त्यांनी लिहून टाकलं, आरोपीला शिक्षा मान्य.

शामराव धडपडत उठले. "साहेब, अपील करायचंय. संसदेने चार वर्षांपूर्वी नवं कलम घातलंय. गुन्हा जामीनपात्र असला, तर शिक्षा देणारं कोर्टच अपिलापुरता जामीन देऊ शकतं."

"देऊ शकतं. दिलाच पाहिजे असं नाही," साहेब म्हणाले. "संसदेने ते माझ्या मर्जीवर सोडलंय. आणि अपिलाचा इरादा कुठे दिसतो? हा तर पाया पडला."

शामराव चक्क खाली बसले. मला त्यांचा असा संताप आला! तेवढ्यात तुळसा उभी राहिली. शिपाई "बैठ जाओ बाई" म्हणाला, तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"साहेब, तो तुमच्या पाया पडला, निकालाच्या नाही. आमी पंचाइले मान देतो अन् मंग त्याइच्याच विरुद्ध जातो."

"बाई, हे कोर्ट आहे."

"म्हणूनच बोलून राहिली. तुमची मर्जी हाय नं? मंग नका देऊ. पन कावून देत नाही ते लिहून द्या. दिल्लीवाल्याइनं कायदा आमच्यासाठी केला का तुमच्या टेबलावर ठेवाले केला, ते आमी वरच्या कोर्टाले विचारतो."

साहेबांचा चेहरा लाल झाला. आता बहीणही आत जाते, असं मला वाटलं. त्यांनी पेन उचललं, आणि अडले. थप्पड मारली म्हणून नाकारावं, तर तिची शिक्षा दिलेलीच. पाया पडला म्हणून नाकारावं, तर वरचं कोर्ट हसणार. शेवटी त्यांनी आधीची ओळ खोडली आणि पुंडलिकलाच विचारलं, "अपील करणार?"

"करतो साहेब."

महिन्याभराचा जामीन मिळाला. जामीनदार म्हणून मी सही केली. पुंडलिकचा चेहरा उजळला, हात जोडून तो पुन्हा वाकायला निघाला.

तुळसाने भर कोर्टात त्याची कॉलर धरली. "सरळ उभा राहा. आधी शाई वाळू दे."